सही अध्यक्षांची, बळ कुणाचं? अमेरिकेचे परदेशी करार आणि सिनेटची संमती

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या घटनेत परदेशाशी तह करायला सिनेटच्या दोन-तृतीयांश मतांची अट आहे. मग पॅरिसचा हवामान करार किंवा इराणशी झालेला अणुकरार सिनेटच्या मतदानाशिवाय कसा झाला? आणि अध्यक्षांना असं करता येत असेल, तर त्यांना अडवणारं नेमकं काय उरतं?

सही करायला अध्यक्षांना फारसं कुणी अडवत नाही. अडतं ते सहीनंतर. करारात दिलेला शब्द देशात पाळायचा तर कुठला तरी कायदा बदलावा लागतो, तिजोरीतून पैसा काढावा लागतो, एखाद्या राज्याला किंवा न्यायालयाला हुकूम द्यावा लागतो. यातलं जे अध्यक्षांच्या हातात आधीपासूनच आहे तेवढंच ते एकट्याने देऊ शकतात. म्हणून कुठलाही करार समोर आला की ‘हा सिनेटकडे गेला का’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ‘हा पाळायला अध्यक्षांकडे कोणता अधिकार आधीच आहे?’

आधी रूढ वाट बघू. घटनेचं दुसरं कलम, दुसरा विभाग. अध्यक्षांनी सिनेटच्या ‘सल्ल्याने आणि संमतीने’ तह करायचा. हजर सिनेटरांपैकी दोन-तृतीयांश अनुकूल हवेत. हजर सिनेटरांपैकी, शंभरपैकी नव्हे. हा फरक मतमोजणीच्या दिवशी कळतो. दुसरा नेहमीचा गैरसमज म्हणजे ‘सिनेटने तहाला अनुमोदन दिलं’ हे वाक्य. वर्तमानपत्रं रोज लिहितात, पण ते बरोबर नाही. सिनेट फक्त संमतीचा ठराव करते. अनुमोदन देतात अध्यक्ष, तेही नंतर, अनुमोदनपत्रावर सही करून ते दुसऱ्या देशाला किंवा ठरलेल्या संस्थेकडे पोचवून. सिनेटने संमती दिली तरी अध्यक्ष तो कागद टेबलाच्या खणात ठेवू शकतात.

क्रम असा: वाटाघाटी, सही, परराष्ट्र खात्याचं अध्यक्षांना पत्र, अध्यक्षांचं सिनेटला पत्र, परराष्ट्र संबंध समितीत सुनावणी, समितीचा अहवाल, सभागृहात ठराव, मग अनुमोदन. सगळ्यात जास्त तह समितीत अडकतात. काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद; सिनेट आणि प्रतिनिधिगृह ही तिची दोन सभागृहं. नेहमीचं विधेयक काँग्रेसच्या दोन वर्षांच्या मुदतीबरोबर मरतं, तह मात्र मरत नाही. तो तसाच पडून राहतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा संघटना-स्वातंत्र्याचा ८७ क्रमांकाचा करार १९४९ पासून सिनेटकडे आहे. सागरी कायद्याचा करार १९९४ पासून. नाकारायचं नाही आणि मंजूरही करायचं नाही, यात सिनेटचा हातखंडा आहे.

उघड पराभव कमी, पण जे झाले ते लक्षात राहणारे. व्हर्सायचा तह १९ मार्च १९२० रोजी शेवटच्या मतदानात ४९ विरुद्ध ३५ असा पडला. बहुमत होतं, सात मतं कमी पडली. अणुचाचणीबंदीचा तह १९९९ मध्ये ४८ विरुद्ध ५१, म्हणजे साधं बहुमतही नाही. अपंगांच्या हक्कांचा करार २०१२ मध्ये ६१ विरुद्ध ३८. पाच मतांनी गेला. या आकड्यांकडे बघितलं की परराष्ट्र खातं दुसऱ्या वाटा का शोधतं ते समजतं.

आणि वाटा आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारापासून अमेरिकेने केलेल्या बंधनकारक करारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक सिनेटच्या दोन-तृतीयांश मतांच्या वाटेने गेलेलेच नाहीत. पण ‘सिनेटकडे गेला नाही’ याचा अर्थ ‘अध्यक्षांनी एकट्याने केला’ असा लावणं, हीच या विषयातली सर्वात मोठी गफलत. त्या करारांपैकी बहुसंख्य काँग्रेसने कायद्याने दिलेल्या अधिकारावर उभे असतात. १९३४ च्या व्यापार कायद्याने अध्यक्षांना सांगितलं, आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत खाली आणायचे करार करा, पुन्हा विचारायला येऊ नका. कधी उलटं होतं: करार आधी, कायदा मागून. १९९३ मध्ये नाफ्टा, म्हणजे कॅनडा आणि मेक्सिकोशी मुक्त व्यापाराचा करार, प्रतिनिधिगृहात २३४ विरुद्ध २०० आणि सिनेटमध्ये ६१ विरुद्ध ३८ असा मंजूर झाला. हे ६१ तहासाठी पुरले नसते, कायद्याला पुरले. टेक्सासचंही तेच: सामिलीकरणाचा तह १८४४ मध्ये सिनेटने फेटाळला आणि १८४५ मध्ये दोन्ही सभागृहांच्या साध्या ठरावाने टेक्सास आत आलं. तिसरा प्रकार जुन्या, संमती मिळालेल्या तहाच्या पोटातला करार. चौथा तेवढा निव्वळ अध्यक्षीय: मागे कायदा नाही, तह नाही, फक्त अध्यक्षपदाचे स्वतःचे अधिकार. खरी भांडणं या चौथ्याची.

अध्यक्षांचे स्वतःचे अधिकार म्हणजे काय? परदेशी सरकारला मान्यता देणं, वकिलाती चालवणं, सेनापती म्हणून रणांगणावरचे निर्णय. १९३३ मध्ये रूझवेल्टनी सोव्हिएत सरकारला मान्यता दिली आणि त्यासोबत मालमत्तेच्या दाव्यांची देवाणघेवाण केली. बेलमाँट (१९३७) आणि पिंक (१९४२) या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने तो करार न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यापेक्षा वरचढ ठरवला. म्हणजे निव्वळ अध्यक्षीय कराराला राज्याच्या कायद्यापुढे वजन आहे. केंद्रीय कायद्यापुढे मात्र नाही, आणि ते ठरलं बटाट्यांवरून.

हे प्रकरण नीट बघण्यासारखं आहे. १९४८ च्या नोव्हेंबरात कॅनडाने पत्रं देऊन कबूल केलं की आमचे व्यापारी अमेरिकेत बियाण्याचे बटाटे पाठवतील, पण ते खाण्याच्या बाजारात वळवले जाणार नाहीत अशी अट खरेदीदाराकडून लिहून घेतील. अमेरिकी सरकार तेव्हा बटाट्याला आधारभाव देत होतं. स्वस्त कॅनेडियन माल आला तर तो खर्च वाढणार. व्हर्जिनियाच्या कॅप्स कंपनीने बियाणं म्हणून माल आणला आणि एका मोठ्या किराणा साखळीला विकून टाकला. सरकारने नुकसानभरपाईचा दावा लावला. चौथ्या सर्किटच्या (म्हणजे विभागाच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने १९५३ मध्ये दावा काढून टाकला, आणि कारण दिलं ते आजही प्रत्येक टिपणात येतं. परदेशी व्यापाराचं नियमन काँग्रेसचं. काँग्रेसने आयात रोखण्याची रीत कायद्यात लिहून दिली आहे: आधी टॅरिफ आयोगाची चौकशी, मग अध्यक्षांचा निर्णय. ती रीत टाळून पत्रांची देवाणघेवाण केली, तर त्या पत्रांना अमेरिकी न्यायालयात किंमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये निकाल कायम ठेवला, पण वेगळ्या कारणाने. बटाट्याच्या मूळ घटनात्मक प्रश्नाला त्याने हात लावला नाही. त्यामुळे कॅप्सचा निकाल पाळला जातो, पण तो सर्वोच्च न्यायालयाचा म्हणून सांगू नये. विद्यार्थी हमखास इथे चुकतात.

याच्या उलट टोकाला अल्जिअर्सचा करार. जानेवारी १९८१, तेहरानमध्ये ५२ अमेरिकी ओलीस. सुटकेच्या बदल्यात कार्टर यांनी इराणची गोठवलेली मालमत्ता मोकळी करायची आणि अमेरिकी कंपन्यांचे इराणविरुद्धचे दावे देशातल्या न्यायालयांतून काढून हेगच्या लवादाकडे पाठवायचे कबूल केलं. डेम्स अँड मूर या कंपनीचे इराणकडे चौतीस लाख डॉलरहून अधिक अडकले होते. ती न्यायालयात गेली. निकालाचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे वाचायला हवेत. मालमत्तेवरची जप्ती उठवायला १९७७ च्या आणीबाणी-अर्थ अधिकार कायद्याचा थेट आधार मिळाला. दावे स्थगित करायला असा थेट कायदा सापडला नाही. तिथे न्यायालयाने म्हटलं, असे दावे मिटवण्याची अध्यक्षांची जुनी प्रथा आहे, काँग्रेसला ती माहीत आहे आणि तिने कधी हरकत घेतली नाही. मौन म्हणजे संमती, एवढ्यावर ते निभावलं. दावे मिटवण्याच्या बाहेर ही सबब फार ताणता येत नाही.

किती ताणता येत नाही ते २००८ च्या मेडेलिन खटल्यात दिसलं. टेक्सासमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या मेक्सिकन नागरिकाला वकिलातीशी संपर्काचा हक्क सांगितलाच नव्हता. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये अशा ५१ प्रकरणांचा फेरविचार करायला सांगितलं. धाकट्या बुश यांनी २००५ मध्ये टिपण काढून राज्यांच्या न्यायालयांना तसा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. ज्या तहांचा आधार होता ते सिनेटने मंजूर केलेले होते, तरीही! कारण ते आपोआप देशांतर्गत कायदा बनणारे नव्हते; त्यांना अंमलबजावणीचा कायदा हवा होता आणि तो काँग्रेसनेच करायचा. म्हणजे सिनेटची संमती हा शेवटचा टप्पा नसू शकतो. तहात किंवा संमतीच्या ठरावात ‘हा तह स्वयंलागू नाही’ अशी घोषणा आहे का, हे न बघता मत देणारा वकील तोंडावर पडतो.

पैशाचंही तसंच. तिजोरीतून पैसा कायद्याशिवाय निघत नाही, हे घटनेचं पहिलं कलम सांगतं. १७९६ मध्ये ब्रिटनशी झालेल्या ‘जे तहा’ला (जॉन जे यांच्या नावाचा) सिनेटची संमती मिळाली होती, तरी खर्चाच्या तरतुदीवर प्रतिनिधिगृहाने अडवून धरलं आणि शेवटी ५१ विरुद्ध ४८ ने पैसा सुटला. म्हणून अमेरिकी करारांत ‘निधी उपलब्ध असल्यास’ अशा अर्थाचं कलम असतं. समोरच्या देशाचे अधिकारी ते वाचून नाक मुरडतात. पण ते काढा म्हटलं तर सही होत नाही.

कोणती वाट घ्यायची हे ठरतं परराष्ट्र खात्यात, ‘सर्क्युलर १७५’ नावाच्या पद्धतीने. नाव १९५५ च्या एका परिपत्रकाचं. वाटाघाटी सुरू करायला परवानगी आणि सही करायला परवानगी, या दोन गोष्टी; एकत्रही मागता येतात. सोबत विधी सल्लागार कार्यालयाचं टिपण लागतं, त्यात कराराचा कायदेशीर आधार नाव घेऊन सांगावा लागतो. तह की करार हे ठरवायला आठ निकष आहेत: साऱ्या देशावर येणारा बोजा आणि धोका, राज्यांच्या कायद्यांवर परिणाम, पुढे कायदा करावा लागेल का, आजवरची प्रथा, काँग्रेसची पसंती, औपचारिकता किती हवी, मुदत आणि घाई, आणि इतर देश अशा विषयात काय करतात. निकषांना गुण नाहीत, वजनं ठरलेली नाहीत. प्रत्यक्षात तिसरा निकष बाकीच्यांना खाऊन टाकतो. नवा कायदा लागत असेल तर काँग्रेसला टाळण्यात अर्थच उरत नाही.

काँग्रेसला कळवणं मात्र सक्तीचं. १९७२ च्या ‘केस कायद्या’ने (सिनेटर केस यांच्या नावाचा) प्रत्येक कराराची प्रत ६० दिवसांत द्यायची होती आणि खाती ती वेळेवर देत नसत. २०२२ च्या अखेरीस झालेली दुरुस्ती सप्टेंबर २०२३ पासून लागू झाली. आता दर महिन्याला यादी आणि मजकूर द्यावा लागतो आणि महत्त्वाच्या बंधनकारक नसलेल्या कागदांनाही ते लागू आहे. ही शेवटची गोष्ट मोठी, कारण गेल्या काही वर्षांतली पळवाट तीच होती.

ती पळवाट अशी: करार बंधनकारकच ठेवायचा नाही. इराणशी २०१५ मध्ये झालेला अणुकरार राजकीय वचन म्हणून मांडला गेला. त्यावर अनुमोदन नाही, सहीसुद्धा नाही. काँग्रेसने मे २०१५ मध्ये कायदा करून तो ६० दिवस आपल्यापुढे ठेवायला लावला, पण नापसंतीचा ठराव सिनेटमध्ये ५८ विरुद्ध ४२ वर अडकला. चर्चा संपवायला ६० हवे होते. आणि मे २०१८ मध्ये ट्रम्प यांनी एका भाषणात तो सोडला. काँग्रेसला विचारावं लागलं नाही, कारण करतानाही विचारलं नव्हतं.

पॅरिसचं जास्त बारीक आहे. १२ डिसेंबर २०१५, शेवटचा दिवस. अंतिम मसुद्यात चौथ्या कलमाच्या चौथ्या परिच्छेदात विकसित देशांनी साऱ्या अर्थव्यवस्थेसाठी उत्सर्जनकपातीची उद्दिष्टं ‘घ्यावीच लागतील’ या अर्थाचा ‘शॅल’ छापून आला. अमेरिकी वकिलांनी तो पकडला. ‘शॅल’ राहिला असता तर कपातीचं उद्दिष्ट कायदेशीर बंधन झालं असतं, आणि १९९२ च्या हवामान तहाला संमती देताना सिनेटच्या समितीने बजावलं होतं की बंधनकारक उद्दिष्टं आली तर पुन्हा आमच्याकडे या. काही तास बैठक खोळंबली. शेवटी ‘तांत्रिक दुरुस्ती’ म्हणून ‘शॅल’च्या जागी ‘शुड’ वाचला गेला. घ्यायलाच हवीत याचं घ्यायला हवीत झालं. त्या एका शब्दामुळे ओबामा सप्टेंबर २०१६ मध्ये सिनेटला न विचारता करार स्वीकारू शकले. त्याच सैलपणामुळे अमेरिका २०२० मध्ये बाहेर, २०२१ मध्ये आत, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश.

आपल्याकडे याचा चटका बसला तो तारापूरला. १९६३ मध्ये भारत-अमेरिका करार झाला: तारापूरच्या अणुभट्ट्यांना समृद्ध युरेनियम अमेरिका देईल, तीस वर्षं. हा करार तह नव्हता. अमेरिकेच्या १९५४ च्या अणुऊर्जा कायद्यातल्या १२३ व्या कलमाखालचा होता, म्हणजे काँग्रेसने आधी दिलेल्या अधिकारावरचा. १९७४ ला पोखरण झालं आणि १९७८ मध्ये काँग्रेसने कायदा केला की ज्या देशाचे सगळे अणुप्रकल्प आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत त्याला इंधन नाही. अमेरिकी कायद्यात नंतरचा कायदा आधीच्या कराराला मागे सारतो, तहालासुद्धा. हे १८८० च्या दशकापासून ठरलेलं आहे. भारताचं म्हणणं होतं, करार आहे, पाळा. आंतरराष्ट्रीय दृष्टीने ते वाजवी होतं, पण वॉशिंग्टनमध्ये निर्यात-परवाना देणाऱ्या आयोगाला कायदा बांधत होता, करार नव्हे. १९८० मध्ये आयोगाने नकार दिला, कार्टर यांनी तो बाजूला सारला, प्रतिनिधिगृहाने विरोध केला आणि सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ ने ती खेप सुटली. दोन मतं! पुढे १९८२ मध्ये इंधनाचं काम फ्रान्सकडे गेलं.

हा धडा २००८ च्या अणुकरारात दिसतो. १२३ व्या कलमाखालचा साधा करार काँग्रेसपुढे ९० दिवस ठेवला आणि कुणी अडवला नाही तर लागू होतो. पण भारताचे सगळे प्रकल्प तपासणीखाली नसल्याने तो अपवादातला. त्याला स्पष्ट मंजुरी लागत होती. म्हणून आधी २००६ चा हाइड कायदा, मग करार, मग प्रतिनिधिगृहात २९८ विरुद्ध ११७, सिनेटमध्ये ८६ विरुद्ध १३, आणि १० ऑक्टोबर २००८ रोजी सह्या. तीन वर्षं लागली ती यामुळे. भारतात मात्र मंत्रिमंडळाने कराराचा निर्णय घेतला. आपल्याकडे संसदेची संमती सक्तीची नाही. भूभाग देताना घटनादुरुस्ती आणि कायदा बदलायचा असेल तेव्हा कायदा, एवढंच.

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या खिशातही हा विषय आहे. भारत-अमेरिका करतह १९८९ मध्ये झाला, सिनेटची संमती मिळाली, १९९० च्या डिसेंबरात लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला १०४०-एनआर या अनिवासींच्या करविवरणपत्रावर प्रमाणित वजावट मिळते. २०२४ साठी एकट्या व्यक्तीला १४,६०० डॉलर. इतर बहुतेक अनिवासींना ही वजावट करकायदाच नाकारतो. अध्यक्षांनी एकट्याने पत्र लिहून ती दिली असती, तर बटाट्यांची गत झाली असती. आणि नोकरीला लागल्यावर पगारातून ६.२ टक्के सामाजिक सुरक्षेचे कापले जातात, पुरेशी वर्षं न भरता परतलेल्याला त्याचं निवृत्तिवेतन मिळत नाही. त्यासाठी लागतो ‘टोटलायझेशन’ करार, म्हणजे दोन्ही देशांत भरलेली वर्षं एकत्र मोजणारा; तो भारताशी झालेला नाही. त्याची वाट वेगळीच: १९७७ च्या कायद्याने अध्यक्षांना अधिकार दिला, पण करार दोन्ही सभागृहांपुढे ६० बैठक-दिवस ठेवायचा. कायद्यात असंही आहे की एका सभागृहाच्या ठरावाने तो पडेल, पण सर्वोच्च न्यायालयाच्या १९८३ च्या चड्ढा निकालानंतर असा एका सभागृहाचा नकाराधिकार टिकत नाही. कायद्याच्या पुस्तकात ते वाक्य अजून आहे.

बाहेर पडण्याबद्दल घटना गप्प आहे. कार्टर यांनी तैवानशी असलेला संरक्षण तह मोडला तेव्हा सिनेटर गोल्डवॉटर न्यायालयात गेले. १९७९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण निकालात काढलं, प्रश्नाचं उत्तर न देता. तेव्हापासून अध्यक्ष एकट्याने तह सोडत आले आहेत. अपवाद घालायचा प्रयत्न नाटोबाबत झाला: डिसेंबर २०२३ च्या संरक्षण कायद्यातलं १२५०अ कलम म्हणतं, सिनेटच्या दोन-तृतीयांश मतांशिवाय किंवा काँग्रेसच्या कायद्याशिवाय अध्यक्षांनी नाटो सोडू नये. हे कलम आणणाऱ्या दोन सिनेटरांपैकी एक, मार्को रुबिओ, पुढे परराष्ट्रमंत्री झाले. कलम न्यायालयात कसोटीला लागलेलं नाही, आणि लागलं तर पहिला वाद हाच असेल की दावा लावण्याचा हक्क कुणाला.